शुश्रूषा आणि निवेदन : सहचराच्या आजारपणाचे काव्यशास्त्र

‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध होतो. ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. सेवा आणि रुग्णाची देखभाल हे अर्थ त्याला पुढे प्राप्त झाले. मराठीच्या व्यवहारात हा मूळ अर्थ आज जवळजवळ लोपला आहे. साहित्यविचाराला मात्र तो उपयोगी पडण्याजोगा आहे. कर्करोगाचे निदान झालेल्या व्यक्तीचा पती वा पत्नी जेव्हा त्या अनुभवाविषयी लिहू लागते, तेव्हा त्या लेखनापुढचा मूलभूत प्रश्न हाच असतो : हे लेखन आजारी माणसाचे ऐकते आहे, की त्याच्या वतीने बोलते आहे? वेदना एकाची आणि निवेदन दुसऱ्याचे, या विषम विभागणीतून उद्भवणारा हा प्रश्न जितका निवेदनतंत्राचा, तितकाच नैतिकही आहे.

या अनुभवाला नाव देताना पारंपरिक रसव्यवस्था अपुरी पडते. भरताने करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेद प्रसिद्ध आहे. करुण हा निरपेक्ष, म्हणजे पुनर्मीलनाची आशा उरली नाही अशा स्थितीतला. तर विप्रलंभ हा सापेक्ष, आशेच्या आधाराने टिकून राहणारा. निदान आणि उपचार यांच्यामधला काळ या दोहोंपैकी कोणत्याच कोटीत नीट बसत नाही. प्रिय व्यक्ती दुरावलेली नाही, ती त्याच घरात समोर बसलेली आहे, म्हणून हा रूढ अर्थाने विप्रलंभ नव्हे; ती जिवंत आहे, म्हणून हा करुणही नव्हे. आशा आहे, परंतु तिचा आधार पुढच्या तपासणीच्या अहवालाइतकाच. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गातील अजविलाप पतीच्या शोकाचा श्रेष्ठ नमुना खरा; पण इंदुमतीचा मृत्यू पुष्पमालेच्या स्पर्शाने क्षणात घडतो. तेथे शोकाला अवकाश आहे, शुश्रूषेला नाही.

सावित्रीच्या कथेत मात्र प्रतीक्षा आहे. नारदाने सांगितलेली एका वर्षाची मुदत हे एका परीने निदानच होय, आणि सावित्री ते दिवस मोजते. परंतु सत्यवान अनभिज्ञ आहे. ज्ञान पत्नीपाशी आणि मरण पतीपाशी, अशी ही रचना असल्यामुळे त्या वर्षात दोघांमध्ये मृत्यूविषयी संवाद घडूच शकत नाही. रुग्णाला रोगाचे नाव कळू द्यायचे नाही, या आपल्या कुटुंबांतील परिचित रीतीचे हे प्राचीन रूप म्हणता येईल. शिवाय कथेचे सार्थक यमावरील विजयात आहे. वटसावित्रीच्या व्रतातून लोकमानसात रुजला तो हा विजय. मोजलेले दिवस नव्हेत.

विजयाची ही अपेक्षा आधुनिक वैद्यकीय भाषेने वेगळ्या मार्गाने पुढे चालवली. सुसान सोंटॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटफर’ (१९७८) या ग्रंथात कर्करोगाभोवतीच्या युद्धरूपकांची चिकित्सा केली. आक्रमण, प्रतिकार, झुंज या शब्दांमुळे रोग म्हणजे शत्रू ठरतो, आणि रोगी हरला तर पराभवाचा डागही त्याच्यावरच येतो. या युक्तिवादाला एक पुस्ती जोडता येईल. युद्धाच्या रूपकात सहचराला पिछाडीवर राहून धीर देत राहण्याची एकच भूमिका मिळते. त्याला भीती वाटणे म्हणजे फितुरी, आणि दमणे म्हणजे कर्तव्यच्युती. जे रूपक रोग्याला अपराधी ठरवते, ते सहचराला मुका करते.

या पार्श्वभूमीवर डोनाल्ड हॉल (१९२८–२०१८) आणि जेन केन्यन (१९४७–१९९५) या अमेरिकन कविदांपत्याचे लेखन एकत्र वाचणे उद्‌बोधक ठरते. त्यांचा विवाह १९७२ मध्ये झाला आणि १९७५ पासून ते न्यू हॅम्पशायरमधील हॉल यांच्या पूर्वजांच्या शेतघरात राहिले. १९८९ मध्ये हॉल यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. १९९२ मध्ये तो यकृतात पसरल्याचे आढळले. पती एकोणीस वर्षांनी वडील आणि असा आजारी. तेव्हा मागे राहणार ती पत्नीच, हे गृहीत धरले गेले. परंतु जानेवारी १९९४ मध्ये केन्यन यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. सिअ‍ॅटल येथे अस्थिमज्जारोपण होऊनही रोग उलटला आणि २२ एप्रिल १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. शुश्रूषा करणारी आणि करून घेणारी अशा दोन्ही भूमिका दोघांच्याही वाट्याला आल्या, आणि दोघांनीही त्या कवितेत आणल्या, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय.

केन्यन यांच्या ‘कॉन्स्टन्स’ (१९९३) या संग्रहात ‘फॅरो’ ही कविता आहे. शस्त्रक्रियेनंतर निजलेल्या पतीकडे पत्नी पाहते आहे. त्याच्या उशाशी ठेवलेल्या नित्याच्या वस्तू तिला इजिप्तच्या राजाबरोबर पुरलेल्या सामग्रीसारख्या भासतात. येथे मृत्यूचे सूचन आहे, पण विलाप नाही. पती अजून झोपलेलाच आहे आणि जागा झाल्यावर त्याला चष्मा लागणार आहे. वर ज्या मधल्या भावावस्थेला नाव सापडत नव्हते, ती येथे वस्तूंच्या मांडणीतून साकार होते. आशा आणि शोक एकाच वस्तूवर एकाच वेळी टेकतात.

हॉल यांच्या ‘विदाउट’ (१९९८) या संग्रहात ‘हर लाँग इलनेस’ ही दीर्घ कविता तुकड्यातुकड्यांनी इतर कवितांच्या अधूनमधून येते. आत्मचरित्रात्मक आशय असूनही तिचे निवेदन तृतीयपुरुषी आहे : ‘तो’ आणि ‘ती’. ‘मी’ टाळल्यामुळे सहचराचे दुःख केंद्रस्थान बळकावत नाही. खोलीत वावरणाऱ्या दोन माणसांपैकी एक, एवढेच त्याचे स्थान राहते. शीर्षककवितेत तर विरामचिन्हेच नाहीत. औषधांची नावे आणि उपचारांचे दिवस सलग वाहत राहतात. वाक्याला शेवट नसणे हाच तेथे काळाचा अनुभव होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. पत्नीच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या या कवितांवर तिला काहीच म्हणता येत नाही. मग तृतीयपुरुषाचा हा संयम अखेर निवेदकाच्याच सत्तेचे सभ्य रूप नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि केवळ तंत्राच्या आधारे तो निकालात निघत नाही. त्याचे उत्तर काही अंशी केन्यन यांच्याच अखेरच्या दिवसांतील ‘द सिक वाइफ’ या कवितेत मिळते. पती खरेदीसाठी गेला असता मोटारीत बसून राहिलेली आजारी पत्नी तेथे स्वतःकडेच तृतीयपुरुषात पाहते. दोघेही स्वतंत्रपणे एकाच व्याकरणाकडे वळले. उरलेले उत्तर ‘विदाउट’च्या उत्तरार्धात आहे. तेथे मृत पत्नीला उद्देशून लिहिलेली पत्रकाव्ये येतात आणि ‘तो’चा ‘मी’ होतो. जोवर ऐकण्यासारखे कोणी होते तोवर निवेदक मागे राहिला. ऐकणे संपले तेव्हाच बोलणे उरले. शुश्रूषेच्या मूळ अर्थाची याहून स्पष्ट साक्ष मिळणे कठीण.

मराठी वाचकाला यातून काय घेता येईल? ‘स्मृतिचित्रे’पासून ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) पर्यंत पत्नींच्या आत्मकथनांनी सहजीवनाचे परखड निवेदन मराठीत रुजवले आहे. तथापि पत्नीने केलेली सेवा धर्म म्हणून गृहीत धरली जाते आणि पतीने केलेली सेवा अपूर्व म्हणून गौरविली जाते. पहिलीत सांगण्यासारखे काही दिसत नाही, दुसरीत तपासण्यासारखे. या दोन्ही सवयी समीक्षेतही शिरतात. मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजी टाटा यांनी त्यांच्या स्मरणार्थ न्यास स्थापिला, आणि दोराबजींच्या न्यासाने उभारलेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. पतीच्या शोकाला लाभलेले हे संस्थारूप सर्वज्ञात आहे. त्याच रुग्णालयाभोवतीच्या फूटपाथवर उपचाराच्या तारखेची वाट पाहत दूरगावची जोडपी मुक्काम करतात. त्यांच्यापाशी शेतघर नाही आणि निजलेल्या माणसाकडे पाहत बसण्याचा एकांतही नाही. केसपेपरांची पिशवी सांभाळणाऱ्या त्या सहचराचे निवेदन कोणत्या रूपात येईल, हे हॉल-केन्यन यांच्या आदर्शावरून ठरविता येणार नाही. ते आले, तर त्यात झुंजीची वीरगाथा किंवा करुणाचा परिपोष शोधण्यापूर्वी ते कोणाचे ऐकते आहे, एवढे समीक्षेने पाहावे. त्यासाठी समीक्षेलाही शुश्रूषा करावी लागेल.