‘व्यतिकरण’ की ‘गुंता’? : मृदा-परीक्षणाच्या परिभाषेविषयी

मृदेतील लेशमूलद्रव्यांच्या मापनाविषयी मराठीत लिहिताना ‘इंटरफिअरन्स’साठी ‘व्यतिकरण’ अथवा ‘हस्तक्षेप’ हे शब्द योजले जातात. पहिला शब्द भौतिकशास्त्राने तरंगांच्या परस्परमेळासाठी पूर्वीच घेतलेला आहे. ज्योतीतील रासायनिक घटनेशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्यात कोणी आगंतुक बाहेरून येऊन ढवळाढवळ करतो, अशी कल्पना गृहीत आहे. वस्तुतः येथील अडथळा बहुधा नमुन्याच्याच पोटात असतो. शब्द केवळ ओबडधोबड असते तर त्यांकडे काणाडोळा करता आला असता. परंतु उपाय शोधणाऱ्यास ते भलत्या दिशेस नेतात, हा खरा आक्षेप होय.

अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६८) भोवतालच्या मुलखातील, चुनखडीयुक्त जमिनींचे उदाहरण घ्यावे. चुन्याने जमिनीचा सामू चढतो, लोह अविद्राव्य होते आणि उसाची कोवळी पाने पिवळी पडतात. शेतकरी त्यास ‘केवडा’ म्हणतो. (बाजरीच्या बुरशीजन्य रोगासही हेच नाव आहे; एका शब्दावर दोन ओझी लादण्याची खोड केवळ विद्वानांचीच नव्हे.) अशा मातीसाठी लिंडसे व नॉर्व्हेल यांनी १९७८ साली मांडलेल्या पद्धतीत १० ग्रॅम माती २० मिलिलिटर डीटीपीए द्रावणात दोन तास हलवितात. द्रावणाचा सामू ७.३ राखतात व त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, ते मातीतील चुना विरघळून त्यात कोंडलेली मूलद्रव्ये अर्कात उतरू नयेत म्हणून.

पुढे अर्क ज्योतीत जातो. ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडलेल्या अणुशोषण-तत्त्वानुसार मोजले जातात ते सुटे अणू. हवा-ॲसिटिलीनच्या ज्योतीत सिलिका असेल, तर ती लोह व मँगनीज यांना उष्णतेस सहजी दाद न देणाऱ्या संयुगांत बांधते आणि आकडा उणा येतो. उपाय कोणता? द्रावणात कॅल्शियम मिसळणे! सिलिका त्यात अडकते, लोह सुटते.

एकच कॅल्शियम शेतात लोहाची वाट अडविते, अर्क काढताना राखण करते आणि ज्योतीत सोडवणूक करते. तेव्हा अमुक पदार्थ ‘हस्तक्षेपक’ अशी यादी पाठ करून विद्यार्थ्याच्या हाती काय लागणार? दोष पदार्थात नसून जोडीत आहे. ‘गुंतणे’ व ‘मोकळे होणे’ ही घरगुती क्रियापदे ही जोडी अचूक दाखवितात. म्हणून ‘रासायनिक गुंता’ आणि ‘मोचक’ हे शब्द अधिक ग्राह्य ठरावेत. ‘गुंतवणूक’ मात्र बँकांनी आधीच नेली आहे. वर्णरेषांची सरमिसळ किंवा द्रावणाचा दाटपणा हे दोष निराळे. त्यांना या नावाखाली कोंबू नये, कारण तेथे मोचकाचा उपयोग नाही.

गुंता ओळखण्याची कसोटीही सोपी आहे. अर्कात लोहाची ज्ञात मात्रा घालावी. वाढ अपेक्षेहून कमी दिसली, तर लोह कोठेतरी अडले आहे. ही कसोटी वगळून दिलेल्या उण्या आकड्यावर शेतकऱ्यास फेरस सल्फेटची शिफारस होते, आणि त्या पोत्याचे पैसे तो भरतो.