कोडेकाराचा पाट

कोडेकाराला साहित्यिकांच्या पंगतीत बसवावे काय? आम्हां कादंबरीकारांना ते रुचणार नाही. पण जॉन ग्रॅहम यांना मी तरी पाट मांडीन. हे इंग्रज पाद्री १९५८ पासून 'गार्डियन' पत्रात, पुढे 'अरौकेरिया' या टोपणनावाने, शब्दकोडी रचीत आले. घटस्फोटानंतर चर्चमधली जागा गेली, तेव्हा कोड्यांवरच त्यांची गुजराण चालली.

जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी आपला आजारच कोड्यात घातला. रिकामी घरे भरता भरता सोडवणाऱ्याच्याच पेन्सिलीने 'अन्ननलिकेचा कर्करोग' हे उत्तर उमटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले.

कोणी म्हणेल, मरणाशी असला खेळ कशाला? मला तसे वाटत नाही. त्यांची नि वाचकांची पन्नास वर्षांची बोली तीच होती. घरची बातमी घरच्या बोलीतच सांगावी. मरण आले की आम्ही पानेच्या पाने भिजवतो, वाचकाला काही शोधू देत नाही. वर्गात मुलांना उत्तर सांगून टाकण्याची माझी मास्तरी खोड कादंबरीतही उतरली आहे. ग्रॅहम यांनी वाचकावर टाकला तेवढा भरवसा मला अजून टाकता आलेला नाही.