रोजनिशी आणि चव्हाटा

वाङ्मयाचे जे अनेक प्रकार आहेत त्यांत रोजनिशी हा एकच असा आहे कीं, ज्याचा लेखक आणि वाचक मुळांत एकच असतो. पत्राला दुसऱ्या टोकास कोणीतरी लागतें. आत्मचरित्राला समाज लागतो. कवितेला निदान कवीच्या मनांत तरी एखादा रसिक लागतो. रोजनिशीला दिवा, वही आणि मिटलेलें दार एवढें पुरतें. हें तिचें वैशिष्ट्य राहावें कीं जावें, असा प्रश्न आज उत्पन्न झाला आहे. आणि तो कोणा साहित्यसंमेलनांत नव्हे, तर दादरच्या एका उपाहारगृहांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मजपुढें टाकला, म्हणून हा लेख.

हा विद्यार्थी मराठींतून रोजनिशी लिहिण्याचें एक ॲप तयार करीत आहे. आतां त्यांत त्यास विकेंद्रित समाजमाध्यमाची सोय जोडावयाची आहे. म्हणजे ज्यास वाटेल त्यानें आपलें पान इष्टमित्रांस दाखवावें, आणि त्यांचीं पानें आपल्या वहींत बसून वाचावीं. “सर, कुलूप आहे तसेंच राहील, मी फक्त एक खिडकी ठेवतों,” असें तो म्हणाला. मुलगा सालस आहे, आणि त्याचा हेतुही चांगला आहे. म्हणूनच त्याच्या म्हणण्याचा पूर्वपक्ष आधीं नीट मांडला पाहिजे.

तो असा. आजवरचीं मोठीं समाजमाध्यमें एकेका कंपनीच्या मुठींत आहेत; तेथें घर आपलें, पण किल्ली मालकाची. विकेंद्रित पद्धतींत तसा एक मालक नसतो. २०१६ सालीं जर्मनींतील ऑयगेन रोख्को यांनीं मॅस्टोडॉन सुरू केलें, आणि अशा स्वतंत्र केंद्रांनीं परस्परांशीं बोलण्याची ॲक्टिव्हिटीपब नांवाची रीत २०१८ च्या जानेवारींत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें प्रमाण म्हणून मान्य केली. जणूं प्रत्येक गांवाचें टपालघर निराळें, पण टपालाचे नियम मात्र एक. उलट, ‘डे वन’ हें नांवाजलेलें रोजनिशीचें ॲप २०२१ मध्यें ऑटोमॅटिक या कंपनीनें विकत घेतलें. टंबलरसारखा उघडा बाजार तिच्याकडे आधींपासूनच होता. गुप्त वही आणि भर चौक एकाच धन्याच्या हातीं जाण्यापेक्षां हजार लहान धनी बरे, हा युक्तिवाद मला पटतो. शिवाय शहरांतील एकटेपणा हाही कांहीं खोटा नाहीं. परळ-लालबागच्या चाळींच्या जागीं उंच मनोरे उभे राहिले, आणि ज्या गॅलरींत माणसें एकमेकांचें सुखदुःख न विचारतां ओळखीत, ती गॅलरीच नाहींशी झाली.

एवढें सर्व मान्य करूनही मला जी शंका येते ती प्रथम वाङ्मयाची आहे. वाचक दिसूं लागला कीं लेखणी सावरून बसते. सॅम्युएल पेपीस यानें १६६० ते १६६९ पर्यंत आपली रोजनिशी लघुलिपींत लिहिली, आणि ती प्रथम छापली गेली १८२५ सालीं. लंडनच्या आगीइतकेच त्याच्या स्वतःच्या क्षुद्रपणाचे उल्लेख तींत निःसंकोच येतात, याचें श्रेय त्या लघुलिपीला आणि मधल्या दीडशें वर्षांना आहे. पेपीसला रोज रात्रीं दहा मित्रांची शाबासकी मिळती, तर आज आपणांस एका चतुर गृहस्थाचीं भाषणें मिळालीं असतीं. माणूस मिळाला नसता.

ॲन फ्रँकचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. मार्च १९४४ मध्यें तिनें नभोवाणीवर असें आवाहन ऐकलें कीं, युद्धकाळांतील पत्रें व रोजनिशा लोकांनीं जपून ठेवाव्या. त्यानंतर ती आपली रोजनिशी पुन्हां लिहूं लागली; परंतु मूळ वहींत नव्हे, तर सुट्या कागदांवर! कांहीं गाळलें, कांहीं घोटलें, कांहीं नव्यानें घातलें. त्या चौदा वर्षांच्या मुलीस जें उमगलें तें आमच्या यंत्रकुशल तरुणांस अद्याप उमगावयाचें आहे: लोकांसाठीं लिहावयाचें तर कागद निराळा हवा.

आपल्याकडेही हेंच दिसतें. न्यायमूर्ति रानडे १९०१ सालीं निवर्तले. रमाबाईंच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या त्या १९१० सालीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून पुस्तकरूपानें येऊं लागलीं, तेव्हां त्यांतील बहुतेक प्रसंगांवरून अनेक वर्षें लोटलीं होतीं. हीं दोन्ही पुस्तकें मोकळीं आहेत. पण त्यांचा मोकळेपणा काळाच्या चाळणींतून आलेला आहे. सकाळचें दुःख सायंकाळीं वाटावयास निघालें तर त्याचें साहित्य होत नाहीं, बातमी होते.

दुसरी शंका व्यवहाराची, आणि तिला आमच्या मुंबईचाच इतिहास साक्षी आहे. १८४९ सालीं येथें परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग व राम बाळकृष्ण जयकर हे तिचे धुरीण. जातिभेद मोडूं पाहणारीं हीं माणसें गुप्तपणें जमत व एकत्र जेवीत, कारण उघडपणें तसें करणें म्हणजे वाळींत पडणें होतें. पुढें १८६० च्या सुमारास सभेचीं कागदपत्रें चोरीस गेलीं, सभासदांचीं नांवें फुटण्याची वेळ आली, आणि भीतीनें सभा मोडली. चोरट्यास एकच दप्तर पळवावें लागलें. विकेंद्रित जाळ्यांत त्या दप्तराच्या ठायीं ठायीं नकला असतात! एकदां पान दुसऱ्या केंद्राकडे गेलें कीं तें पुसणें ही केवळ विनंती उरते. ती त्या केंद्रानें पाळली तर पाळली. मॅस्टोडॉनवर निवडक मंडळींसाठीं लिहिलेला मजकूरही केंद्रचालकास वाचतां येतो. तात्पर्य, या पद्धतींत एका मालकाची सत्ता जाते हें खरें. परंतु फुटण्याच्या जागा वाढतात, हेंही तितकेंच खरें. सभा मोडल्यानंतर १८६७ सालीं प्रार्थनासमाज निघाला, तो मात्र उघड. गुप्त तें गुप्त आणि उघड तें उघड, असा तो निवाडा होता.

येथें एक घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. माझी आत्या गिरगांवच्या एका चाळींत दोन खोल्यांत नऊ माणसांचा संसार ओढीत असे. ती गेल्यावर तांदळाच्या डब्यामागें तिची एक वही सांपडली. ती मीं वाचली. घरांत कोणी कधीं न ऐकलेला आवाज त्या पानांत होता. माझ्याविषयींही चार कडू ओळी होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. वाचल्याचा मला आनंद झाला आणि लाजही वाटली. ती वही गॅलरींत वाचली जाणार आहे असें आत्यास ठाऊक असतें, तर तींत केवळ वाण्याचा हिशेब राहिला असता. नऊ माणसांत तिला एकांत असा तेवढाच होता.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हा हक्क दुसऱ्यांपासून आपलें रक्षण करील. पण रात्रीं अकरा वाजतां, रागाच्या भरांत, आपणच आपलें पान खिडकींतून बाहेर टाकलें तर कोणता कायदा आडवा येणार?

म्हणून माझ्या विद्यार्थ्यास मीं एवढेंच सांगितलें: खिडकी ठेवूं नकोस, निराळा कागद दे. ज्यास लोकांसमोर यावयाचें असेल त्यानें आपलें लिखाण पुन्हां उतरून काढावें, आणि तें पाठविण्यापूर्वीं निदान एक रात्र जाऊं द्यावी. मूळ वहीला बाहेरची वाट मुळींच नसावी. त्यानें हंसून विचारलें, “सर, इतका त्रास कोण घेईल?” ज्यास खरोखर कांहीं सांगावयाचें आहे तो घेईल, असें मीं म्हटलें. तो गप्प राहिला. पण त्यानें तें आपल्या वहींत टिपून घेतलें, आणि काय टिपलें हें मीं विचारलें नाहीं.