गाउनिलोचं बेट: सारखा दिसणारा युक्तिवाद खरंच सारखा असतो का?



तर्कदोष दाखवायची एक जुनी, जवळजवळ घरगुती युक्ती आहे. समोरच्याचा युक्तिवाद चुकतोय असं वाटतं, पण दोषावर बोट ठेवता येत नाही. मग आपण त्याच सांगाड्याचा दुसरा युक्तिवाद उभा करतो, ज्याचा निष्कर्ष उघडउघड खोटा असतो. 'विद्वान माणसं कमी बोलतात, अण्णा कमी बोलतात, म्हणून अण्णा विद्वान' असं कुणी म्हणालं की आपण म्हणायचं, 'कावळे काळे असतात, म्हैस काळी असते, म्हणून म्हैस हा कावळा!' सगळे हसतात आणि मुद्दा पोचतो. आता लक्षात घ्या, अण्णा विद्वान असतीलही. या वाटेनं ते सिद्ध होत नाही, इतकंच आपण दाखवलं.

या युक्तीचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अकराव्या शतकातला आहे. आज त्याची चिकित्सा करू.

नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात अन्सेल्म नावाचा धर्मपंडित होता. 1077-78च्या सुमारास त्यानं 'प्रॉस्लोगिऑन' हा छोटा ग्रंथ लिहिला. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा. ज्याहून श्रेष्ठ काही कल्पिताच येत नाही, ते म्हणजे ईश्वर. ही कल्पना ईश्वर नाकारणाऱ्या मूर्खालाही समजते, म्हणजे त्याच्या मनात ती आहेच. पण नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षातही असणं अधिक श्रेष्ठ. ईश्वर केवळ मनातच असेल, तर त्याहून श्रेष्ठ काहीतरी कल्पिता येईल, आणि हा तर व्याघात झाला. म्हणून ईश्वर प्रत्यक्षात आहे.

ऐकताना काहीतरी निसटलंय असं वाटतं ना? फ्रान्समधल्या मार्मूतिएच्या मठातला गाउनिलो यालाही तसंच वाटलं. तो स्वतः श्रद्धावान भिक्षू, तरी त्यानं 'मूर्खाच्या बाजूने' उत्तर लिहिलं. तो म्हणतो, समजा कुणी मला एका हरवलेल्या बेटाचं वर्णन सांगितलं. ते सगळ्या देशांहून संपन्न, सगळ्यांहून श्रेष्ठ. वर्णन मला कळलं, म्हणजे बेट माझ्या मनात आलं. पण प्रत्यक्षात असणं अधिक श्रेष्ठ, तेव्हा ते बेट प्रत्यक्षात असलंच पाहिजे! असं कुणी म्हणालं तर तो थट्टा करतोय असंच मी समजेन.

प्रयोग झकास आहे. पण आपण टाळ्या वाजवून थांबायचं नाही. प्रश्न हा की दोन्ही सांगाडे खरंच एक आहेत का?

अन्सेल्मनं उत्तरात नेमकं हेच धरलं. तो म्हणतो, 'सगळ्यांहून श्रेष्ठ' असं मी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, 'ज्याहून श्रेष्ठ कल्पिताच येत नाही'. फरक बारीक वाटतो, पण आहे मोठा. वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा म्हणजे ज्याहून उंच मुलगा कल्पिताच येत नाही असा मुलगा नव्हे. बरं, गाउनिलोच्या वतीनं आपण शब्द दुरुस्त करून घेतले, तरी अडचण येतेच. विसाव्या शतकात ॲल्विन प्लँटिंगा यांनी ती मांडली: बेटाच्या श्रेष्ठतेला वरची हद्दच नाही. कितीही माडांचं बेट घ्या, आणखी एक माड लावता येतोच.

मग गाउनिलो हरला का? मला तसं वाटत नाही. 'प्रत्यक्षात असणं म्हणजे अधिक श्रेष्ठ असणं' ही पायरी दोन्हीकडे आहे, आणि ती बेटाच्या बाबतीत आपल्याला खटकते. ती ईश्वराच्या बाबतीत का चालावी, हे सांगायची जबाबदारी अन्सेल्मवर येते. आपला युक्तिवाद त्या एकालाच लागू पडतो, असं तो ठासून सांगतो; त्या पायरीचं समर्थन मात्र पुरेसं देत नाही. पुढे 1781मध्ये कांटनं त्याच पायरीवर बोट ठेवलं: 'असणं' हा वस्तूचा गुणधर्मच नव्हे. म्हणजे ताप आहे हे गाउनिलोनं सांगितलं. ताप कशाचा हे सांगायला सातशे वर्षं गेली, आणि त्या निदानावरही वाद संपलेला नाही. समांतर युक्तिवादाची ताकद आणि मर्यादा या एका वाक्यात आली.

आपल्याकडे न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात 'जाति' सांगितल्या आहेत, एकूण 24. वरवरच्या साधर्म्यावर किंवा वैधर्म्यावर उभे केलेले हे फसवे प्रतिवाद. प्रतिवादीलाही सूट नाही, हे शहाणपण त्यात आहे.

ते मी पुस्तकात वाचलं होतं, तरी वर्गात विसरलो. एकदा एक विद्यार्थी म्हणाला, 'सर, मलेरियात थंडी वाजून ताप येतो. माझ्या खोलीमित्राला तसाच ताप आहे. म्हणजे बहुधा मलेरिया असेल, रक्त तपासून घ्यावं.' मी लगेच म्हैस आणि कावळा काढला. वर्ग हसला. तो खाली बसला आणि वर्षभर पुन्हा काही बोलला नाही. रक्तात मलेरियाच निघाला. पण निष्कर्ष खरा निघाला म्हणून मी चुकलो, असं नाही. तसं म्हणणं हाही तर्कदोषच. मी त्याचा 'बहुधा' गाळला, म्हणून चुकलो. तो शक्यता सांगत होता, मी त्याला सिद्धतेच्या मापानं मोजलं. गाउनिलोनं अन्सेल्मचे शब्द बदलले, तसे मी त्या मुलाचे.

म्हणून समांतर उदाहरण देण्याआधी दोन गोष्टी करा. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत एकदा म्हणून दाखवा, आणि 'हेच म्हणायचंय ना?' असं विचारा. मग खुशाल म्हैस आणा.

अन्सेल्मनं एक गोष्ट केली, ती मला त्याच्या युक्तिवादापेक्षा मोठी वाटते. गाउनिलोची टीका आणि आपलं उत्तर, दोन्ही मूळ ग्रंथाला जोडून नकलावीत, असं त्यानं सांगितलं. त्यामुळेच आज आपण दोघांचं ऐकून ठरवू शकतो. त्या मुलाचं म्हणणं मात्र माझ्या वर्गात कुणी नोंदवून ठेवलं नाही. आज निदान इथे ते नोंदवलं जावं.