कवेलू कोण फेरणार?

ग्रामीण संग्रहालयाच्या कुठल्याही नव्या आराखड्यात हल्ली एक वाक्य हमखास असतं: ‘इमारत निसर्गाशी एकरूप होईल.’ सोबत संगणकावर काढलेलं चित्र असतं. गच्चीवर लुसलुशीत गवत, दगडी भिंतीवर वेल, समोरून चालणारं एक सुखी कुटुंब. चित्र नेहमी श्रावणातलं असतं. वैशाखातलं अजून माझ्या पाहण्यात आलेलं नाही. भंडारा जिल्ह्यात वैशाख म्हणजे ४५ अंशांच्या आसपास चढलेला पारा, पानं गाळून उभा असलेला साग आणि करपलेलं गवत. इथल्या निसर्गाशी एकरूप व्हायचं तर या महिन्याशीही व्हावं लागेल.

गेल्या काही दशकांत आपल्याकडे गावाबद्दलची, गावातली किंवा गावासारखी दिसणारी बरीच संग्रहालयं झाली. त्यांचा हिशेब मांडताना मी एक जागा मोजपट्टी म्हणून समोर ठेवली आहे: तुमसर तालुक्यातला आंबागड. इथे उद्या असं संग्रहालय करायचं ठरलं, तर आजवरच्या प्रयोगांतलं काय उपयोगी पडेल आणि काय सरळ बाजूला ठेवावं लागेल?

जागा सोपी नाही. सातपुड्याच्या रांगेतल्या टेकडीवर किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या राजखान पठाण नावाच्या अधिकाऱ्याने तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचं साचलेलं, सडकं पाणी कैद्यांना प्यावं लागे आणि त्यानेच ते मरत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. जवळ गायमुख आहे, तिथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्याच तालुक्यात चांदपूरचा तलाव, तुमसरची धानाची बाजारपेठ, आणि चिखला व डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी. सहलीच्या माहितीपत्रकात यातल्या देवळाला, तलावाला आणि किल्ल्याला जागा मिळते. खाणीला आणि विहिरीतल्या पाण्याला मिळत नाही.

महाराष्ट्रात ग्रामीण संग्रहालय म्हटलं की पहिलं नाव निघतं ते कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाच्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयाचं. माणसाच्या उंचीचे सिमेंटचे शेकडो पुतळे, बारा बलुतेदार, मोट, खळं, पाणवठा. कारागिरी थक्क करणारी आहे. म्हशीच्या पाठीवरची चमक आणि म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरा बघत लोक थबकतात. शाळांच्या सहलींनी ते गजबजलेलं असतं आणि कुठल्याही संग्रहालयाला हेवा वाटावा असं हे यश आहे. पण तिथलं गाव भांडत नाही. बलुतेदार हसतमुखाने आपापल्या जागी बसले आहेत, आणि ती जागा त्यांना कोणी दिली हा प्रश्न सिमेंटमध्ये गोठून गेला आहे. तिथे पाऊसही पडत नाही. भोवतालच्या शेतीशी या दृश्यांचं नातं पडद्यावरच्या देखाव्याइतकंच आहे. पुतळे उचलून दुसऱ्या तालुक्यात नेले तरी फारसं काही बिघडणार नाही. कणेरीचं अनुकरण मात्र सर्वांत जास्त झालं, कारण पुतळ्यांचं कंत्राट देता येतं.

उलट टोकाला भोपाळ. (१९५६ पर्यंत भंडारा मध्य प्रदेशातच होता, तेव्हा हे अगदीच परकं उदाहरण म्हणता येणार नाही.) एकाच शहरात तीन वेगवेगळी उत्तरं सापडतात. चार्ल्स कोरियांनी १९८२ साली भारत भवन उतारावर असं बसवलं की रस्त्यावरून इमारत जवळजवळ दिसतच नाही. आपण गच्चीवरच्या बागेत येतो आणि पायऱ्या उतरत, खोल चौकांमधून मोठ्या तलावाकडे सरकत जातो. रेवती कामत यांचं जनजातीय संग्रहालय २०१३ साली खुलं झालं. तिथली दालनं उतार न छाटता त्यावर उचलून धरली आहेत. दोन्ही वास्तू उत्तम आहेत, पण दोन्ही मोठ्या शहरातल्या, सरकारी तिजोरीच्या आधारावरच्या.

आंबागडला खरा उपयोगाचा आहे तो तिसरा, श्यामला हिल्सवरचा इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाचा खुला परिसर. सुमारे दोनशे एकरांची टेकडी, तिच्यावरच प्रागैतिहासिक शैलाश्रय, आणि झाडीत विखुरलेली आदिवासी घरं. ही घरं त्या त्या समाजाच्या लोकांनी स्वतः येऊन, आपल्या पद्धतीने बांधली. दुरुस्तीलाही तेच लोक बोलावले जातात. १८९१ साली आर्तुर हाझेलिउस यांनी स्टॉकहोममध्ये स्कान्सेन उभारलं, तेव्हा स्वीडनभरची जुनी घरं उचलून एका टेकडीवर आणली होती. तीच कल्पना इथे एक पाऊल पुढे गेली: घराबरोबर ते बांधण्याचं ज्ञानही आलं. पण घरात राहणारं कोणी आलं नाही. चूल न पेटणाऱ्या घराच्या छपराला धूर मिळत नाही, आणि धूर न मिळालेल्या बांबूला कीड लवकर लागते. मातीच्या घराची खरी अडचण अशी असते, आणि ती नकाशावर दिसत नाही.

म्हणून मला विदर्भातलंच उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. सेवाग्रामची बापू कुटी मुळात मीराबहनसाठी बांधलेली. सामान आसपासचं, मजूर आसपासचे आणि खर्चाला मर्यादा, या गांधीजींच्या अटी. माती, बांबू, कवेलू, सारवलेली जमीन. वर्ध्यातच ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ते होतं ग्रामोद्योगांचं संग्रहालय, पण काचेआड ठेवून बघण्याचं नाही. घाणी, चरखे, अवजारं ही वापरायची, सुधारायची आणि विकायचीही गोष्ट, हा जे. सी. कुमारप्पांच्या विचारातला भाग तिथे होता. ग्रामीण संग्रहालयाची याहून धीट कल्पना आपल्याकडे पुढे कुणी मांडली असं मला दिसत नाही. निसर्गाशी एकरूप वगैरे शब्द त्या वेळी कोणी वापरले नाहीत, आणि कुटी मात्र आजही भोवतालच्या जमिनीतून उगवल्यासारखी दिसते. अर्थात ती आपोआप तशी राहिलेली नाही. तिची माती पुन्हा पुन्हा लिंपावी लागते, सारवण करावं लागतं, कवेलू फेरावी लागतात.

इथे येऊन कवेलू फेरण्याच्या कलेची आजची स्थिती नेमकी कळते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, कवेलूंचं छप्पर पावसाळ्यापूर्वी फेरायची रीत. वानरांच्या उड्यांनी फुटलेली कवेलू काढायची, नवी बसवायची, सरकलेली ओळीत आणायची. हे करणारे हात कमी झाले, कारण घरकुलांवर स्लॅब पडला आणि गोठ्यांवर टिनाचे पत्रे आले. गिऱ्हाईक गेलं तसा कवेलू भाजणारा कुंभारही दुसऱ्या कामाला लागला. गळक्या छपराखाली पावसाळे काढलेल्या माणसाने स्लॅब टाकला तर त्याला सौंदर्यदृष्टीचे धडे द्यायचा अधिकार कुठल्याच वास्तुरचनाकाराला नाही. तो स्वतः बहुधा चौथ्या मजल्यावर राहतो. पण मग आंबागडच्या पायथ्याशी मातीचं, कवेलूंचं दालन उभं केलं, तर तिसऱ्या पावसाळ्यात त्यावर कोण चढणार? उत्तर नसेल तर पाचव्या वर्षी वर पत्रा येतो आणि भिंतींना गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट लागतो. ज्या इमारतीची डागडुजी गावातल्या हातांना गावातल्या सामानातून जमते, ती इमारत भूदृश्यात मिसळलेली. बाकी सगळी रंगरंगोटी.

जमिनीखाली जाण्याचा मोह तर साफ टाळावा. तादाओ आंदो यांनी जपानच्या नाओशिमा बेटावर २००४ मध्ये चिचू संग्रहालय टेकडीच्या पोटात घातलं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत भुयारं फार झाली. भंडाऱ्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या ओलीत भंडाऱ्याची पितळी भांडी हिरवी पडतील आणि टसरच्या साड्यांना बुरशी धरेल.

टसरचा विषय निघालाच आहे तर हेही लक्षात घ्यावं की त्याचं दालन बांधण्याची गरजच नाही. किडे वाढतात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, ते जपतात ढिवर, कोशापासून पुढचं काम कोष्ट्यांचं. ही साखळी जंगलात सुरू होते आणि गावातल्या मागावर संपते. ती पायवाटेने दाखवावी.

तशीच गोष्ट तलावांची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, पण हे तलाव नैसर्गिक नाहीत. कोहळी समाजाच्या लोकांनी उतार वाचून, कुठे पाळ घातली म्हणजे कमी मातीत जास्त पाणी अडेल याचा अंदाज बांधून ते केले. पाळ, जादा पाणी वाहून जायला सलंग, धानाच्या बांध्यांना पाणी सोडायला तुडुम. नकाशा न काढता केलेली ही रचना पूर्व विदर्भात हजारो ठिकाणी आहे. १९५१ साली मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत गेली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’चे मामा तलाव झाले. देखभाल कोणाची, हा प्रश्न तेव्हापासून गाळासारखा साचत आला आहे. भूदृश्यात मिसळलेल्या बांधकामाचं याहून सरस उदाहरण मला देशात दुसरं ठाऊक नाही. मग वास्तुरचनाकाराने नाओशिमाकडे आधी बघायचं की पाळीकडे? पाळीवर उभं राहिलं की पाणलोट, पाणी, बांध्या आणि गाव एका नजरेत येतात. संग्रहालयाचं पहिलं दालन तिथे, झाडाखाली, भिंतींशिवाय होऊ शकतं. शिवाय तलावाचा इतिहास सांगताना देखभालीचा हिशेब आपसूक सांगावा लागतो, म्हणजे संग्रहालयाला स्वतःच्या भवितव्याबद्दलही बोलता येतं.

आता अवघड भाग. निसर्ग म्हणजे कुठला? डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. टेकडी खणून मँगनीज काढलं जातं आणि काढलेल्या मातीच्या नव्या टेकड्या शेजारी उभ्या राहतात. १९६२ साली मॉईल ही मँगनीज काढणारी कंपनी झाली, पण या पट्ट्यातलं खाणकाम त्याहून बरंच जुनं. इथला मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटऱ्यांमध्ये वापरला जातो, म्हणजे ही टेकडी कितीतरी घरांच्या टॉर्चमधून उजेड पाडून गेली आहे. या भूदृश्याशी एकरूप व्हायचं असेल तर त्याचाही स्वीकार हवा. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात ल क्रझो या खाणी-कारखान्यांच्या मुलखात अख्ख्या परिसरालाच संग्रहालय मानलं गेलं. कामगार, कालवे, वसाहती, सगळं त्यात आलं. इकोम्युझियमची ती कल्पना आपण उचलली, पण खाणी वगळून, नुसत्या हिरवाईपुरती. तुमसरात ती पूर्ण उचलता येईल. पाटावरून धान, टेकडीवरून किल्ला, कड्यावरून खाण.

किल्ल्यात मात्र काहीही बांधू नये. फार तर नॉर्वेतल्या हामारला स्व्हेरे फेन यांनी केलं तेवढं. मध्ययुगीन अवशेषांवर उभ्या राहिलेल्या जुन्या धान्यकोठारातून त्यांनी अलगद, अवशेषांना जवळजवळ न टेकणारा चालण्याचा मार्ग नेला. आंबागडच्या विहिरीजवळ अशी एक टेकायची जागा आणि तुरुंगाच्या गोष्टीचा एक सरळ, अलंकार नसलेला फलक पुरे. बख्त बुलंदाचा, राजखानाचा आणि नाव न उरलेल्या कैद्यांचा, तिघांचा उल्लेख तिथे यायला हवा. तोफेच्या सिमेंटच्या प्रतिकृतीसाठी कोणी ना कोणी आग्रह धरेलच. तो मानू नये.

आणि इमारत लागेलच, कारण पावसात मुलांना बसवायला आणि हस्तलिखितं, लुगडी, भांडी ठेवायला कोरडी जागा हवी. ती लहान असावी, एखाद्या मोठ्या सपरीएवढी, जोत्यावर उचललेली, दोन्हीकडून वारा घेणारी. आतली जपणुकीची खोली बिनदिक्कत पक्की असावी आणि तसं लपवूही नये. बाहेरचं छप्पर कवेलूंचं करायचं असेल तर आधी कुंभाराशी दहा वर्षांचा खरेदीचा करार करावा, मग नकाशा काढावा. अंदाजपत्रकात बांधकामाइतकाच ठसठशीत रकाना दरवर्षीच्या देखभालीचा असावा आणि तो पैसा ग्रामसभेच्या हातून खर्च व्हावा. पहिल्या वर्षी तर वीटही ठेवू नये. शाळेतल्या पोरांना आणि गावातल्या जाणत्यांना घेऊन तलाव, झाडं, अवजारं, गाणी यांच्या याद्या कराव्यात, आणि वास्तुरचनाकाराने मृगापासून हस्तापर्यंत तिथे राहून पाणी कुठून उतरतं, कुठे थांबतं आणि चिखलातून गावची माणसं कोणत्या वाटेने चालतात, एवढंच लिहून काढावं.