‘सीरियलायझेबल’ म्हणजे नक्की काय? १९९५ च्या एका पेपरबद्दल

पीएचडीच्या तयारीत ‘लिटरेचर रिव्ह्यू करा’ असं सगळेच सांगतात. पण दुसऱ्याच्या कामावर टीका कशी करायची, हे कोणी करून दाखवत नाही. डेटाबेसकडे वळणार असाल, तर त्यासाठी एक पेपर जरूर वाचा: ‘अ क्रिटिक ऑफ अँसी एसक्यूएल आयसोलेशन लेव्हल्स’. सिगमॉड परिषद, १९९५, दहा पानं. सहा लेखकांमध्ये जिम ग्रे आणि फिल बर्नस्टीन आहेत. शिवाय एसक्यूएल प्रमाणकाचे संपादक जिम मेल्टनही आहेत, म्हणजे टीकाकारांत घरचाच माणूस होता.

आधी प्रश्न समजून घ्या. एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शननी एकमेकांच्या कामात किती डोकवायचं, हे आयसोलेशन लेव्हल ठरवते. सगळ्यात कडक लेव्हल सीरियलायझेबल. तिथे निकाल असा हवा, की जणू ट्रान्झॅक्शन एकामागून एक चालली. १९९२ च्या प्रमाणकाने चार लेव्हल मांडल्या त्या तीन दोषांवरून: डर्टी रीड, नॉन-रिपीटेबल रीड आणि फँटम. सीरियलायझेबलची खरी अट प्रमाणकात होती, पण लोकांच्या डोक्यात बसला तो तीन दोषांचा तक्ता.

पेपर पहिल्यांदा शब्दांवर बोट ठेवतो. डर्टी रीड म्हणजे काय? एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं आणि मग पहिलं ट्रान्झॅक्शन रद्द झालं, असा काटेकोर अर्थ घेतला तर काय होतं बघा. दोन खात्यांत प्रत्येकी ५० रुपये आहेत. पहिल्यातून ४० दुसऱ्यात टाकायचे आहेत. पैसे एकातून वजा झाले, दुसऱ्यात अजून जमा व्हायचे आहेत, आणि नेमकं तेव्हा कोणी बेरीज केली तर उत्तर येतं ६०. काहीच रद्द झालं नाही, म्हणजे व्याख्येप्रमाणे दोष नाही. तरी बेरीज चुकली! शिवाय एकाच्या कच्च्या लेखनावर दुसऱ्याने लिहिणं, म्हणजे डर्टी राइट, या यादीत नाहीच.

दुसरा मुद्दा जास्त गाजला. स्नॅपशॉट आयसोलेशनमध्ये प्रत्येक ट्रान्झॅक्शन सुरू होतानाचं चित्र पाहून काम करतं, आणि एकाच नोंदीवर दोघांनी लिहिलं तर आधी कमिट करणारा टिकतो. काटेकोर अर्थाने तिन्ही दोष इथे होत नाहीत. आता तीच दोन खाती घ्या, अट एवढीच की एकूण शिल्लक शून्याखाली जाऊ नये. दोघे एकाच वेळी १०० रुपये शिल्लक पाहतात आणि वेगवेगळ्या खात्यांतून ९०-९० काढतात. नोंदी वेगळ्या, म्हणून टक्कर नाही. शेवटी दोन्ही खात्यांत उणे ४०. एकामागून एक चालले असते, तर दुसऱ्याला १० च दिसले असते. याला राइट स्क्यू म्हणतात.

इथवर मी पेपरच्या बाजूने. पण पुढे तो अडखळतो. दोषांच्या सैल व्याख्या घेऊन तो लेव्हल दुरुस्त करतो, आणि या व्याख्या म्हणजे लॉकिंगचंच वेषांतर आहे, हेही मोकळेपणाने सांगतो. सांगतो, पण ती मर्यादा मानत नाही. परिणामी लॉक न वापरता बरोबर निकाल देणारी पद्धतही या व्याख्यांत दोषी ठरू शकते. ज्या पेपरने स्नॅपशॉटला नाव दिलं, त्याचीच फूटपट्टी लॉकच्या मापाची आहे! २००० मध्ये अतुल अद्या, बार्बरा लिस्कोव्ह आणि पॅट्रिक ओ’नील यांनी हेच दाखवलं. ट्रान्झॅक्शन एकमेकांवर कशी अवलंबून असतात याचा आलेख घेऊन त्यांनी व्याख्या नव्याने मांडल्या. ओ’नील १९९५ च्या पेपरचेही लेखक होते. स्वतःच्या कामावरची टीका स्वतःच लिहिता येते, हे लक्षात ठेवा.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटत असेल तर बघा: पोस्टग्रेसमध्ये २०११ च्या ९.१ आवृत्तीपर्यंत ‘सीरियलायझेबल’ मागितलं की स्नॅपशॉट मिळायचं. ओरॅकलमध्ये आजही तसंच आहे. सुरक्षेचाही संबंध आहे. २०१७ मध्ये टॉड वॉर्सझॉव्स्की आणि पीटर बेलिस यांनी १२ ई-कॉमर्स सॉफ्टवेअर तपासली. एकाच वेळी विनंत्या पाठवून गिफ्ट कार्ड शिलकीपेक्षा जास्त खर्च करता येणं यासारखे २२ गंभीर हल्ले त्यांना सापडले. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दोष लेव्हलचा नव्हता, ट्रान्झॅक्शनची हद्दच चुकीची आखली होती. म्हणजे लेव्हल नीट निवडूनही काम संपत नाही.

पेपर वाचायला घ्याल तेव्हा कागद-पेन जवळ ठेवा. प्रत्येक व्याख्येसाठी दोन उदाहरणं लिहून बघा: चुकीचं असूनही तिच्यातून सुटणारं एक, आणि बरोबर असूनही तिच्यात अडकणारं एक. या लेखकांनी पहिल्या प्रकारची उदाहरणं शोधून प्रमाणक हलवलं. दुसऱ्या प्रकारची शोधायला आणखी पाच वर्षं गेली. मग तुमच्याच डेटाबेसवर दोन सेशन उघडा आणि वरचा ९० रुपयांचा प्रयोग करून पाहा. नाव काय आहे आणि प्रत्यक्षात काय मिळतंय, ते दहा मिनिटांत कळेल.