भूल म्हणजे झोप नव्हे

‘भूल दिली की मेंदू झोपी जातो’, एवढे सांगून आपण वर्गात पुढे सरकतो. हे स्पष्टीकरण सोपे असले तरी आम्हाला ते चुकीचे वाटते. झोपलेला बैल टाचणी टोचताच उठतो. पुरती भूल दिलेला उठत नाही.

यापेक्षा बरे स्पष्टीकरण म्हणजे ‘मेंदूतला ब्रेक’. गॅबा हे रसायन चेतापेशीवरील ग्राहीला चिकटले की क्लोराइडची वाट उघडते. ऋणभारित आयन आत शिरतात आणि पेशी सहजासहजी संदेश पाठवत नाही. प्रोपोफॉल, थायोपेंटोन ही औषधे गॅबाचा हा परिणाम वाढवतात. २००३ साली झुरिचच्या संशोधकांनी या ग्राहीतील एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर तपासले. प्रोपोफॉल देऊनही चिमटा काढताच ते पाय मागे घेत! मात्र हॅलोथेनची भूल त्यांच्यावर थोडीच कमी पडली. म्हणजे हा ब्रेक खरा, पण एकटा नव्हे. केटामीन तर मुख्यतः उद्दीपक संदेशच अडवते. जणू ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेते.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. सातारा-सांगलीकडच्या खिलार बैलाला शिंगाचा कर्करोग झाला, तर शस्त्रक्रिया करावी लागते. मोठ्या जनावराला पूर्ण भूल देणे धोक्याचे असते. पोटात वायू साठून ते फुगते, पोटातले अन्न घशाशी येऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून पशुवैद्य झायलाझीन देतात. घोड्याच्या मात्रेच्या सुमारे दहाव्या हिश्श्यातच गाय-बैल गुंगतात. हे औषध गॅबाच्या नव्हे, वेगळ्याच ग्राहीमार्फत मेंदूची जागरूकता उतरवते. शिवाय शिंगाच्या चेतातंतूपाशी लिग्नोकेन टोचतात. त्याने तंतूतील सोडियमची दारे बंद होतात आणि वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोचतच नाही.

हे दुसरे इंजेक्शन टाळले तर? बैल निपचित पडेल, पण वेदनेचा संदेश मेंदूकडे जातच राहील. ‘झोपलाय, त्याला काय कळतंय’ म्हणणाऱ्याला हे कोण सांगणार?

म्हणून आमची सूचना अशी: भान, वेदना, हालचाल आणि स्मृती यांपैकी काय थांबले व कुठे थांबले, हे विद्यार्थ्यांना वेगवेगळे विचारावे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना शाळेत बोलवावे. मुक्या जनावराची वेदना ओळखणे हाही विज्ञानशिक्षणाचाच भाग आहे.